आठशे गाडीतला कूलर

आमच्या घरासमोर कायम एक तरी गाडी विटांवर उभी असते. चाकं काढलेली, बॉनेट उघडं आणि गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय. ते पाय माझे. उमरखेडात कोणी आमचं घर विचारलं तर गल्लीतली माणसं सांगतात, "जा सरळ. पाय दिसले का थांबा." यावर माझी बायको म्हणते, "लोकाइच्या दारात मालकाच्या नावाची पाटी असते. आमच्या दारात मालकच आडवा असते."

मी मेकॅनिक नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. नोकरी केली ती कनिष्ठ महाविद्यालयात, प्रयोगशाळा सहायकाची. काचेच्या नळ्या धुतल्या, मुलांनी पळवलेली चुंबकं परत मिळवली, आणि सुट्टीच्या दिवशी घरच्या टिनाच्या शेडमध्ये जुन्या छोट्या गाड्या नीट केल्या. छोट्या म्हणजे ती चौकोनी तोंडाची, कमी किमतीची गाडी, जिला आमच्याकडे सगळे नुसतं 'आठशे' म्हणतात. पुढे नोकरी संपली, शेड राहिली.

या शेडचं मूळ माझ्या पदवीत आहे. आमच्या बंजारा तांड्यावर बी.एस्सी. झालेला मी पहिला. बा आणि याडी, म्हणजे माझे वडील आणि आई, दोघंही अंगठा लावणारे. मला वसतिगृहात ठेवण्यासाठी त्यांनी काय काय सोसलं ते लिहायला बसलो तर हा लेख वेगळाच होईल. निकाल लागला तसं बाने तांडाभर सांगितलं की पोरगा विज्ञान शिकला, आता त्याला काहीही नीट करता येतं. दुसऱ्या दिवसापासून लोक बंद रेडिओ, पाण्याचे पंप, शिलाई मशीन घेऊन यायला लागले. एकानं तर चारा सोडलेली शेळी आणली. माझा दोष असा की मी शेळीलाही नाही म्हटलं नाही. तिचे डोळे पाहिले, पोट दाबलं आणि गंभीर चेहऱ्यानं "उष्णता आहे" असं निदान केलं. शेळी आपोआप बरी झाली. मी मात्र कायमचा अडकलो.

नीट केलेली पहिली आठशे माझी स्वतःचीच. पुसदला एका अंगणात धूळ खात पडली होती, ती दोरीनं ओढत आणली. तिचा तळ इतका कुजला होता की मागच्या सीटवर बसणाऱ्याला पायाखालून रस्ता दिसायचा. ती उभी करायला मला पावसाळा आणि हिवाळा लागला. याडीला इतका आनंद झाला की तिनं काचेच्या टिकल्या लावून, आमच्या पद्धतीचं भरगच्च भरतकाम करून एक लांब पट्टी शिवली आणि गाडीच्या पुढच्या काचेखाली, डॅशबोर्डवर पसरली. तिच्या लग्नातल्या फेटियालाही, म्हणजे घागऱ्यालाही, इतक्या टिकल्या नसतील असं ती म्हणाली. चैत्रातल्या भर दुपारी मी तांड्याकडे निघालो. वळणावर ऊन समोरून आलं आणि त्या सगळ्या टिकल्या एकदम पेटल्या. मला रस्ता दिसेना, हात दिसेना. गाडी अलगद उतरून एका शेतातल्या कुटाराच्या, म्हणजे भुसकटाच्या, ढिगात जाऊन शांत झाली. शेतमालक धावत आला.

"काय झालं, सर?"

"काही दिसलंच नाही."

"भर दुपारचं?"

याडीला सांगितलं तेव्हा तिनं पट्टी काढायला साफ नकार दिला. चूक उन्हाची आहे, असं तिचं म्हणणं. शेवटी ती पट्टी मागच्या काचेपाशी गेली आणि माझ्या मागून येणाऱ्यांचे डोळे दिपवायला लागली.

बाहेरच्या माणसाला या कामातलं थोडं सांगतो. जुनी गाडी रंगावरून कधी घेऊ नये. रंग ही लग्नातल्या फोटोसारखी गोष्ट आहे. पायाखालची चटई उचलावी, दरवाजाच्या खालच्या कडा चाचपाव्यात, तिथं पत्रा कुजतो. कुजलेल्या पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग मारलेला असतो. मी खिशात प्रयोगशाळेतल्यासारखं एक चुंबक ठेवतो. जिथं चिकटतं तिथं पत्रा, जिथं घसरतं तिथं लांबी. एकदा मी नीट केलेल्या गाडीलाच एका गिऱ्हाइकानं माझं चुंबक लावून पाहिलं आणि ते दरवाजावरून सरळ खाली घसरलं. मी त्याला चुंबक जुनं झालं असं सांगितलं. विज्ञानाची इतकी बेअदबी मी पुन्हा केली नाही.

गाडीत आपल्या मनाचे बदल करायला लोकांना फार आवडतं. इंजिन किंवा रंग बदलायचा तर परिवहन कार्यालयात तशी नोंद करावी लागते, ते सांगितलं की निम्मी हौस तिथंच जिरते. उरलेली निम्मी माझ्याकडे येते. त्यातलीच एक गाडी दत्तरावांची.

दत्तराव म्हणजे उमरखेडजवळच्या गावातले शेतकरी. कापूस, सोयाबीन, तूर, घरचं बरं. माणूस बोलका, खाण्यापिण्याचा शौकीन. त्यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नांदेडला जाणं आलं. मुलं पुण्याला. भाड्याच्या गाडीवाला कधी उशिरा यायचा, कधी यायचाच नाही. तेव्हा त्यांच्या बायकोनं, सुमनबाईंनी, पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकायला घेतली. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवायच्या, बुडाखाली उशी घ्यायच्या आणि बाजार समितीच्या मोकळ्या मैदानात गोल गोल फिरायच्या. लोक कुंपणाला टेकून पाहायचे. त्या एकदा काच खाली करून म्हणाल्या, "पाहा बाप्पा, पाहा. तिकीट नाही लागत." परवाना मिळाला तसं त्यांनी घरची जुनी आठशे माझ्या शेडमध्ये आणून लावली.

"सर, हिले नांदेडले जाऊन वापस येणं जमलं पाह्यजे. वाटंत बंद पडली तर मी याइले घेऊन कोठं बसू?"

मी इंजिन उघडलं, ब्रेक नवे घातले, तळाला नवा पत्रा लावला. गाडी नीट चालायला लागली. मार्चअखेर त्या पुन्हा आल्या. जाताना ठीक होतं, पण डायलिसिस करून परत येताना दत्तरावांना ऊन सोसत नव्हतं. अंगातली ताकद काढून घेतल्यासारखे ते मागच्या सीटवर पडायचे आणि गाडी आतून भट्टी झालेली असायची. गाडीत एसी नव्हता. नवीन बसवला तर एवढंसं इंजिन तो ओढेल का, ही मला शंका. डॉक्टरांनी सांगितलेलं, एक वारी चुकवायची नाही.

त्या वेळी मी सरळ एखाद्या एसीवाल्याकडे बोट दाखवलं असतं तर हा लेख इथंच संपला असता. पण आमच्या भागात उन्हाळा म्हणजे कूलर. घरोघरी खिडकीला लोखंडी डबा, त्यात पाणी, बाजूच्या जाळ्यांत वाळा, मागे पंखा. कोरड्या हवेत पाणी उडतं आणि हवा गार होते. हे मी मुलांना फळ्यावर आकृती काढून समजावलेलं. मग गाडीत का नाही?

मी मागच्या सीटच्या निम्म्या भागात मावेल असा पत्र्याचा छोटा कूलर तयार केला. भंगारातला गाडीच्याच बॅटरीवर चालणारा पंखा, लहानसा पंप, पंपापासून जाळीवर पाणी सोडणारी पातळ रबरी नळी. बाहेरची हवा आत घ्यायला मागच्या खिडकीत पत्र्याचं तोंड बसवलं. जाळीत लाकडाचा भुसा न भरता अस्सल वाळा भरला. गढूळ पाण्यानं वाळा खराब होतो म्हणून सुमनबाईंना गाळलेलं पाणीच टाकायला सांगितलं. आणि पंपाचं बटण दत्तरावांच्या हाताशी दिलं, म्हणजे त्यांना हवं तेव्हा गारवा घेता येईल. बटणावर लाल रंगाचा ठिपकासुद्धा काढला.

गाडी दारात उभी करून कूलर सुरू केला तेव्हा वाळ्याचा असा वास सुटला की शेजारचे दोघंतिघं आळीपाळीनं आत बसून गेले. दत्तराव डोळे मिटून म्हणाले, "सर, तुम्ही आमच्याकडं आधीच काहून नाही आले?" त्या आठवड्यात मी गावातून जरा छाती काढूनच चालत होतो.

पहिली तक्रार लवकरच आली. कूलरची नळी निसटली होती. मी सुमनबाईंना सांगितलं, "वहिनी, रबर उन्हानं प्रसरण पावतं." नळी तारेनं बांधली. पुढच्या खेपेला तार सुटलेली. मी म्हटलं, "रस्त्याचे हादरे." मग तिथं पट्टीचा क्लिप कसून बसवला. त्यानंतर नळीच तुटून आली. टोकाला नीट पाहिलं तर कुरतडल्याच्या खुणा. बारीक, ओळीनं, दातांच्या.

"उंदीर!" मी म्हणालो. शेताच्या घरातल्या गाडीत उंदीर शिरणं यात काहीच नवल नव्हतं, वायरी कुरतडल्याच्या तक्रारी मी कित्येक ऐकलेल्या. मी मागच्या सीटखाली पिंजरा ठेवला आणि त्यात खोबऱ्याचा तुकडा लावला. दत्तराव पिंजऱ्याकडे पाहून म्हणाले, "अवं, मह्या सोबतीले कोणाले बशीवलं हे?" बिचारे दोन वाऱ्या पिंजरा पायाशी घेऊन नांदेडला गेले. उंदीर सापडला नाही. खोबरं तेवढं गेलं. त्याबद्दल मी असं अनुमान काढलं की उंदीर हुशार आहे.

याच सुमारास सुमनबाई एकट्याच शेडमध्ये आल्या आणि गाडीच्या टपाला टेकून उभ्या राहिल्या. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून द्यावं लागतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. लघवी होत नाही, प्यालेलं पाणी अंगातच साचतं, छातीत जातं. म्हणून प्रत्येक वेळी केंद्रावर आधी वजन करतात. दत्तरावांचं वजन काही दिवसांपासून फार वाढून येत होतं. सिस्टर सुमनबाईंना बोलली होती, मागच्या खेपेला दम लागून त्यांना ऑक्सिजन लावावा लागला होता.

"मी एका लहान गिलासात दिवसाचं पाणी देतो, सर. माठाले कुलूप लावाचं बाकी राह्यलं. घरात मी नजर हटवत नाही. तरी वजन वाढून राह्यलं. डॉक्टर म्हणते असंच चाललं तर मानूस हातचं जाईन. कोठून पेऊन राह्यले असतीन हे?"

मी खरोखर हळहळलो. म्हणालो, शेजारीपाजारी कोणी देत असेल, विचारून पाहा. आणि वळून पुन्हा नळीच्या कामाला लागलो. माझ्या एका हातात चावलेली नळी होती. इतका शिकलेला माणूस मी.

उंदराचा कायमचा बंदोबस्त करायचा म्हणून पुढच्या रविवारी मी त्यांच्या गावी गेलो. अंगणात कडुनिंबाखाली गाडी, बाजूला बाजेवर दत्तराव पडलेले, सुमनबाई तुरी पाखडत होत्या. मी नवी नळी बसवली, पिशवीतून पुडी काढली आणि मोठ्यानं सांगितलं, "वहिनी, आता बघा. नळीला उंदराचं औषध लावतो. एकदा तोंड लावलं की खेळ खलास."

बाज कुरकुरली. दत्तराव उठून बसले होते.

"औषध नोका लावू, सर."

"अहो, काळजी करू नका. गाडीत वास येणार नाही."

"वासाचं नाही. थो उंदीर मीच हाय."

सुमनबाईंच्या हातातलं सूप थांबलं. मला समजायला जरा वेळ लागला, त्यांना लागला नाही. दत्तराव मान खाली घालून सांगत होते. गाडी गावाबाहेर पडली की ते बटण दाबायचे. नळी ओढून तोंडात धरायचे. सुमनबाईंची नजर रस्त्यावर, आणि पंख्याच्या आवाजात चोखल्याचं ऐकू जायचं नाही. मी क्लिप कसला तेव्हा नळी निघेना, म्हणून त्यांनी दातानं तोडली. खोबरंही त्यांनीच खाल्लं होतं.

"गार पानी, वाळ्याच्या वासाचं," ते म्हणाले, "कानाशी टप टप वाजे. सरानं तर बटन बी मह्याच हाताशी देलतं."

वाळा घातलेलं माठातलं पाणी पाहुण्याला द्यायची आमच्याकडे रीत आहे. तेच पाणी, गाळून, पंप लावून, थेंब थेंब पाण्यासाठी तळमळणाऱ्या माणसाच्या तोंडाशी मी नेऊन ठेवलं होतं. वर लाल ठिपका काढून.

सुमनबाई रडल्या नाहीत. त्या बाजेपाशी येऊन उभ्या राहिल्या. "मी त्या मैदानात लोकाइचं हसनं आयकून गाडी शिकली. कायच्यासाठी? तुम्ही मागं बसून मरा म्हून?"

"तहान कशी असते तुले नाही समजाची," दत्तराव म्हणाले. "जीभ टाळूले चिकटते. सपनात बी विहीर दिसते. मले माहीत हाय चुकलं. पन त्या टायमाले काही दिसत नाही."

"मले बी दिसत नाही. मी समोर पाहून चालवतो." एवढं बोलून त्या माझ्याकडे वळल्या. "सर, हे खोकं आत्ताच काढा. गाडी थंड पाह्यजे, ओली नको."

मी तिथंच कूलर काढला. पुडी गुपचूप खिशात घातली. दत्तराव डबा जाताना पाहत होते, सासरी निघालेल्या लेकीकडे पाहावं तसे.

त्यानंतर मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. नांदेडच्या भंगार बाजारात ठोकर लागलेली एक आठशे मिळाली, तिला कंपनीचाच एसी होता. तो तसाच्या तसा उतरवून आणला. टपाच्या आतून जाड अस्तर लावलं. एसीमुळे इंजिन जास्त तापतं, म्हणून पुढच्या जाळीमागचा पंखाही मोठा बसवला. हे सगळं मी एका वारीपासून दुसऱ्या वारीपर्यंत उरकलं. घाईत होतो, पण प्रत्येक जोड तपासला. निदान माझी तशी समजूत होती. खात्री म्हणून पहिल्या खेपेला मी स्वतः सोबत निघालो. सुमनबाई स्टेअरिंगवर, मी त्यांच्या शेजारी, दत्तराव मागे मोकळ्या सीटवर.

गाडी गार होती, यात वाद नाही. चढ आला की सुमनबाई एसी बंद करायच्या, उतार आला की चालू. पैनगंगेचा पूल ओलांडून थोडं पुढे गेलो आणि इंजिनच्या उष्णतेचा काटा वर सरकायला लागला. मी काही बोलायच्या आत त्यांनी गाडी लिंबाखाली घेतली. बॉनेट उघडलं तर वाफ. मी गडबडीनं रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला, तो त्यांनी चापटी मारून बाजूला केला.

"भाजून घेता काय? थंडं होऊ द्या."

थंड होईपर्यंत थांबणं भाग होतं आणि तिकडे केंद्रावरची वेळ जवळ येत होती. नंबर चुकला तर वारी दुसऱ्या दिवसावर जाते, आणि दत्तरावांच्या अंगात तीन-चार दिवसांचं पाणी आधीच साचलेलं. ते खाली उतरून दगडावर बसले होते. श्वास जरा आवाज करत होता. सुमनबाई त्यांच्याकडे पाहायच्या, मग रस्त्याकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे पाहिलेलं मला सगळ्यात जड गेलं.

गाडी निवल्यावर त्यांनी डिकीतून पाण्याची कॅन काढली आणि रेडिएटरमध्ये ओतायला लागल्या. गाडी गुडगुड करत पीत राहिली. दत्तराव उठून बॉनेटपाशी आले. धारेकडे एकटक पाहत उभे राहिले. धार आत जायची तसा त्यांच्या गळ्याचा घाटा वरखाली व्हायचा. सुमनबाईंनी पाहिलं. त्यांनी कॅन नवऱ्याच्या हातात दिली आणि रेडिएटरचं झाकण त्यांच्या दुसऱ्या हातात ठेवलं. मी घाबरलो. दत्तरावांनी झाकण बाजूला ठेवलं, कॅन दोन्ही हातांनी तिरपी धरली आणि उरलेलं सगळं पाणी, एक थेंबही बाहेर न सांडता, गाडीला पाजलं. मग झाकण लावलं.

पण पाणी घातल्यानं दुखणं बरं होणार नव्हतं. मी इंजिन चालू करून पंखा पाहिला. फिरत होता, जोरात. मग काटा का चढला? मी तोंड पुढच्या जाळीजवळ नेलं आणि गरम वारा थेट माझ्या तोंडावर आला. पंख्यानं हवा आत ओढायची असते. हा बाहेर फेकत होता.

"काय झालतं?" सुमनबाईंनी विचारलं.

"पंखा उलटा फिरत होता."

"उलटा कोनं फिरवला?"

"मी. दोन वायरींची अदलाबदल झाली."

"बी.एस्सी. म्हंता ना तुम्ही?"

"फिजिक्स," मी म्हणालो.

वायरी बदलायला फार वेळ लागला नाही. हदगावपर्यंत मी काट्यावरून नजर काढली नाही, तिथून पुढे तो हललाच नाही. सुमनबाईंनी मालट्रक ओलांडले, एसटी ओलांडली, एका मोटारसायकलवाल्याला काच खाली करून बरंच काही ऐकवलं आणि आम्ही वेळेच्या जरा आधीच पोहोचलो.

केंद्रात सिस्टरनं दत्तरावांना काट्यावर उभं केलं. सुमनबाई भिंतीला टेकून पर्सचा बंद पिळत होत्या. मी गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभा. सिस्टरनं आकडा पाहिला, त्यांना खाली उतरवलं, पुन्हा काट्यावर चढवून पाहिलं.

"काका, आज वजन अगदी बेतात वाढलंय. पाणी नाही पिलात का वाटेत?"

दत्तराव चप्पल घालत म्हणाले, "मह्या वाटचं आज गाडीनं पेलं, सिस्टर."